पाया एन्फिल्डचा

बोरीत कुठलीही वस्तू कंपनीनं पाठवली तशी फार दिवस राहत नाही. परभणीहून जिंतूरला जाताना वाटेत लागणाऱ्या या गावात मोटारसायकल येते तेव्हा ती दोन माणसांची असते. महिनाभरात तिच्या पाठीवर लोखंडी सांगाडा चढतो आणि ती चार दुधाच्या कॅनची होते. बंद पडलेला फ्रिज बियाण्याच्या पिशव्या ठेवायला जातो, कारण त्यात उंदीर शिरत नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डात स्पीकर बसतो. कूलर घरीच पत्र्यातून वळवला जातो आणि त्याचा पंखा कधीकाळी कशाचा होता हे विचारायचं नसतं. वेल्डिंगच्या दुकानात काहीही घेऊन जा, दुकानदार वस्तूकडे न बघता म्हणतो, “होतंय की.”

एकाच वस्तूपुढे हे ‘होतंय की’ गप्प बसतं. परवान्याची बंदूक. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं पाचवं कलम सांगतं की परवान्याशिवाय शस्त्र बनवणं तर सोडाच, ते विकणं, दुरुस्त करणं, बार काढून तपासणंसुद्धा चालत नाही. सहावं कलम नळी कापून आखूड करण्यावर आहे. म्हणजे ज्या गावात माणसं विहिरीच्या मोटारीपासून मुलीच्या सायकलीपर्यंत सगळं आपल्या मापाचं करून घेतात, तिथं एक वस्तू अशी आहे की जिचं मापच माणसानं अंगाला लावून घ्यायचं.

असं माप लावून घेतलेले एक निवृत्त गुरुजी बोरीत आहेत असं धरू. नाव सांगायचं कारण नाही, मामा म्हणू. अशा मामांची जात मराठवाड्यात दर पाच कोसांवर सापडते. वडिलांच्या माघारी वारसाहक्कानं त्यांच्याकडे .३१५ ची रायफल आली. तिच्याबद्दल गावात तीन मतं आहेत. पहिलं, ती निजामाची आहे. दुसरं, ती रझाकाराकडून हिसकावलेली आहे. तिसरं, ती चालत नाही. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्याच वर्षी सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री-अपरात्री कराचीहून विमानं भरभरून निजामाला शस्त्रं पोचवत होता, हे खरंच आहे. तेव्हापासून इथल्या प्रत्येक जुन्या बंदुकीला इतिहास चिकटवायची सोय झाली. मामांच्या रायफलीवर मात्र इशापूरच्या सरकारी कारखान्याचा शिक्का आहे. मामा तो दाखवत नाहीत. निजाम बरा वाटतो.

मामांचा भाचा टेक्सासात, डॅलसला असतो. एच-१बी व्हिसावर होता तोवर अमेरिकी कायद्यानं त्याला बंदूक बाळगता येत नव्हती. शिकारीचं लायसन काढलं तरच सूट. ग्रीन कार्ड आलं की इतर भारतीय घर बघतात. भाच्यानं फोन केला.

“मामा, रायफल बांधायलोय.”

“बांधायलास?” मामा म्हणाले. “घर बांधतेत, गोठा बांधतेत. रायफल कशी बांधतूस?”

भाच्यानं समजावलं. तिकडे हौशी लोक तयार रायफल वापरत नाहीत. आधी एक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल पाया म्हणून निवडायची. मग तिची नळी काढून दुसरी घालायची, दस्ता काढून दुसरा, चाप काढून दुसरा, वर दुर्बीण. उरते ती फक्त अ‍ॅक्शन, म्हणजे पुढं-मागं सरकणारा बोल्ट आणि तो ज्याच्यात सरकतो ते पोलादी घर. त्या घराला रिसीव्हर म्हणतात आणि अमेरिकी कायद्याच्या लेखी तेवढंच म्हणजे बंदूक. नंबर त्याच्यावर, नोंद त्याची. बाकीचं सामान कुरिअरनं घरी येतं, चादरी-उशा येतात तसं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. “म्हंजी पुरा बैल इकत घ्यायचा, शिंगं, खांदं, शेपूट समदं फेकून द्यायचं आन् पाठीचा कणा तेवढा ठेवायचा.”

“हाव.”

“आन् पैसे?”

“बैलाचे पुरे. वरून कणा सरळ करून घ्यायचे येगळे.”

हे शब्दशः खरं आहे. कारखान्यातून आलेल्या अ‍ॅक्शनचे आटे, बोल्टचे टेकू आणि रिसीव्हरचं तोंड एका रेषेत आहेत की नाहीत हे तिकडचे कारागीर लेथवर तपासतात आणि केसाच्या जाडीहून कमी वाकडेपणा काढायला बरीच रक्कम घेतात. बोरीत एवढ्या वाकड्यात अख्खा ट्रॅक्टर बसतो.

पण मामांना खरा प्रश्न वेगळाच पडला होता. रायफल कशासाठी? भाचा म्हणाला, डुकरांसाठी. मामा उठून बसले. अमेरिकेत रानडुकरं असतात हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. भाच्यानं सांगितलं की स्पॅनिश लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी पाळायला आणलेली डुकरं मोकाट सुटली, वाढली आणि आता टेक्सासातल्या शेतकऱ्याला रात्रभर झोपू देत नाहीत. मका उकरतात, कुरणं नांगरतात. तिथल्या सरकारनं तर २०१९ पासून असं केलंय की खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असली तर, डुकरं मारायला शिकारीचं लायसनसुद्धा लागत नाही.

“लायसन न्हाई?” मामांनी हे वाक्य त्या आठवड्यात गावात किमान चाळीस जणांना सांगितलं. टेक्सासच्या बाकीच्या वैभवाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

बोरीच्या शिवारातही डुकरं येतात. हरिणांचे कळप येतात, रोही येते. परंतु इथं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखातं आहे, अर्ज आहे, पंचनामा आहे. शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी परवान्याची तरतूद आहे, तीही ठासणीच्या बंदुकीची. तीत दारू ठासून, वर छर्रे घालून, पुन्हा गजानं ठासून बार तयार होईपर्यंत डुक्कर भुईमुगाची एक ओळ संपवून दुसरीला लागलेलं असतं. मामांची .३१५ तर परवान्यावर ‘स्वसंरक्षणार्थ’ आहे. डुकरानं मामांवर चालून जायचं ठरवलं तरच तिचा संबंध येतो, आणि इतक्या वर्षांत एकाही डुकरानं ते मनावर घेतलेलं नाही.

तर पाया निवडायचा होता. भाच्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला आणि मामांनी बाजारात बैल बघतात तसं बघायला सुरुवात केली. बैलाचा बाजार ज्यानं पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की घेणारा आधी बैलाकडे बघतच नाही. तो शेजारच्या बैलाकडे बघतो. मग सहज आल्यासारखा येतो, ओठ वर करून दात मोजतो, चार दाती की जुळलेला ते बघतो, खांद्यावर थाप मारतो, खूर उचलून बघतो, भोवरा कुठं आहे ते बघतो, चार पावलं चालवतो. मग रुमालाखाली हेड्याची बोटं धरतो. लाल कंधारी असो की देवणी, पद्धत हीच.

मामांनी व्हिडिओ कॉलवर भाच्याला दुकानात उभं केलं. “बोल्ट मागं वढ. निम्म्यात थांबीव. आता हालवून बघ. किती खुळखुळतंय?” भाच्यानं हलवून दाखवला. काउंटरपलीकडचा गोरा दुकानदार हे परीक्षण फार कौतुकानं बघत होता म्हणे. एका रायफलीचा बोल्ट चांगलाच डुगडुगत होता. मामांनी नापसंत केली, पण दुकानदारानं बोल्ट पुढं सारून खाली पाडला तसा तो दगडासारखा बसला. मागं सैल आणि बंद झाल्यावर घट्ट, हा बोल्टचा दोष नसून स्वभाव आहे. मॉसरचा तर ठरलेलाच. मामा म्हणाले, “आमच्या जिंतूरच्या व्याह्यावानी हाय.”

मॉसर ही या कुळातली मूळ देवणी. पॉल मॉसरनं १८९८ साली जर्मनीत जी अ‍ॅक्शन पक्की केली तिच्या नकला जग अजून करतंय. बोल्टच्या तोंडाशी दोन भक्कम टेकू, ते नळीच्या मुळापाशीच अडकतात. मागं तिसरा टेकू, पहिले दोन दगावले तर. शेजारून एक लांब पोलादी नखी. काडतूस पेटीतून वर आलं की ती नखी त्याचं बूड पकडते आणि बार होऊन रिकामी पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. मामांना हे पटलं. जत्रेत आई लेकराचं मनगट धरते तसं. रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट काडतुसाला नुसता पुढं ढकलतो आणि ते नळीत पुरतं बसल्यावरच धरतो. हेही मामांना पटलं, पण वेगळ्या प्रकारे. “साळंच्या फाटकातून आत लोटून दिल्यावानी. आत गेलं तं गेलं.”

तरी तिकडे सगळ्यात जास्त बांधकाम या लोटणाऱ्या रेमिंग्टनवरच होतं. १९६२ साली ती आली तेव्हा कंपनीला रायफल स्वस्त पाडायची होती, म्हणून रिसीव्हर सरळ गोल नळकांड्यातून लेथवर कातला. बाराचा धक्का दस्त्यावर टेकवणारा जो दट्ट्या लागतो तो मॉसरमध्ये रिसीव्हरच्या अंगचाच असतो. इथं ती वेगळी चकती, नळी आणि रिसीव्हर यांच्या मधे वॉशरसारखी घातलेली. कारागिराला हे फार सोयीचं पडलं. गोल वस्तू लेथवर धरायला सोपी, चकती बदलायला सोपी. मग प्रत्येकजण तिचेच सुटे भाग करू लागला आणि सुटे भाग मिळतात म्हणून प्रत्येकजण तीच घेऊ लागला. खुद्द कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, तरी पार्ट निघतच राहिले. भाच्याला हे नीट सांगता येईना. मामांनी एका शब्दात मिटवलं. “स्प्लेंडर.”

विंचेस्टर ७० ही १९३६ ची. १९६४ साली कंपनीनं खर्च वाचवायला तिच्यात काटछाट केली. तेव्हापासून साठ वर्षं झाली, तिकडचे म्हातारे अजून रायफल हातात घेण्याआधी ‘चौसष्टच्या आधीची का?’ विचारतात. मामा म्हणाले, “आमच्याकडं बहात्तरच्या दुष्काळाआधीचं आन् नंतरचं मोजतेत.” सॅव्हेज ११० मध्ये नळी एका मोठ्या नटानं आवळलेली असते, पाना घेतला की बदलता येते. हे ऐकून मामांना बोअरचा पाइप आठवला आणि ती त्यांनी मनातल्या मनात पहिल्या नंबरला टाकली. फिनलंडची टिका गुळगुळीत चालते, एवढंच तिच्याबद्दल ठरलं.

आठ महिने गेले. तक्त्यात रकाने वाढत होते. लांब अ‍ॅक्शन की आखूड? .३०८ च्या काडतुसाची पुंगळी ५१ मिलिमीटर, .३०-०६ ची ६३. पहिलं आखूड घरात मावतं, दुसऱ्याला लांब घर लागतं. भाचा घर आधी बघत होता आणि काडतूस नंतर ठरवणार होता. मामांनी शाळेतला आवाज काढला. “आधी नवरदेव बघ, मंग मांडव घाल. मांडव बघून नवरदेव आनतेत का?” यावर तिकडचा कुठलाही जाणता कारागीर मामांशी सहमत होईल.

मग एका रात्री भाच्याच्या तोंडून ते निघालं. मामांनी सहज विचारलं होतं की एवढी यादी केलीस, त्यात आपली कुठंय?

“आपली कोन्ती?”

“एन्फिल्ड.”

“मामा, एन्फिल्ड पाया म्हनून कोन्ही घेत न्हाई.”

त्यानंतर चार दिवस मामांनी फोन उचलला नाही.

भाच्याची बाजू अशी. ली-एन्फिल्डचे टेकू बोल्टच्या तोंडाशी नसून पार मागं असतात. मॉसर दाराला चौकटीपाशीच कडी घालते. एन्फिल्ड दाराला वासा लावते आणि वाशाचं दुसरं टोक मागच्या भिंतीला टेकवते. दार उघडत नाही, पण बार होताना वासा किंचित लवतो. पाव इंचाचा हिशेब करणाऱ्याला हे चालत नाही. शिवाय दस्ता दोन तुकड्यांचा, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. अ‍ॅक्शन लाकडात एकजीव बसवायची तर बसवायची कशात?

मामांची बाजू भाच्याला ठाऊक नव्हती आणि ती जास्त रंजक आहे. एन्फिल्डवर कुणी बांधकाम करत नाही, हे खोटं आहे. भारत सरकारनं आयुष्यभर दुसरं केलं काय?

मुळात कल्पना जेम्स पॅरिस ली यांची, जे स्कॉटलंडात जन्मले, कॅनडात वाढले आणि अमेरिकेत नावारूपाला आले. नळीतल्या खाचा लंडनजवळच्या एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याच्या. दोन्ही मिळून १८९५ साली ली-एन्फिल्ड झाली. पेटीत दहा काडतुसं, बोल्टचा हेलकावा आखूड, हात बसला की भराभर बार. ती इकडे बंगालात इशापूरला बनू लागली. इशापूर बराकपूरच्या शेजारी आहे, आणि बराकपूरला १८५७ मध्ये काय झालं ते शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. ती काडतुसंही एन्फिल्डचीच होती, ठासणीच्या. एन्फिल्डवरून एकदा राज्य जाता जाता राहिलं, तरी इंग्रजानं कारखाना तिथंच जवळ काढला. याला धीर म्हणावं की विसराळूपणा!

मग सुरू झालं बांधकाम. पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना बंदूक तर द्यायची, पण ती कुणी हिसकावली तर लष्कराच्या गोळ्या तिच्यात चालता कामा नयेत. म्हणून तीच .३०३ ची अ‍ॅक्शन घेऊन तिच्यावर .४१० ची गुळगुळीत नळी बसवली, दहा बारांच्या जागी एकेक बार केला आणि तिला मस्केट म्हटलं. जगात लोक चांगली रायफल व्हावी म्हणून पैसे खर्चून बांधकाम करतात; रायफल मुद्दाम वाईट व्हावी म्हणून केलेलं हे बांधकाम फार थोड्यांना जमलं असेल. १९६२ च्या चीन युद्धानंतर उलटा फेरा आला. तीच जुनी अ‍ॅक्शन, पण पोलाद चांगलं, नळी ७.६२ ची, पेटी बारा काडतुसांची, आणि झाली टू-ए-वन. आणि नागरिकांसाठी तिसरं रूप, .३१५.

या .३१५ च्या जन्मामागंही कायदाच आहे. सैन्याच्या बोअरची काडतुसं नागरिकाच्या बंदुकीत चालू नयेत, हा इंग्रजांचा जुना ध्यास. १९०७ साली त्यांनी .४५० च्या गोळ्यांवर हिंदुस्थानात बंदी आणली तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी मान डोलावली आणि .४६५, .४७०, .४७५ अशी नवी बोअरं काढून दिली. म्हणजे वाघ मारायच्या त्या राजेशाही दुनळ्या, ज्यांच्यापुढे अजून लिलावात माणसं हात वर करतात, त्यांचं माप शास्त्रानं नव्हे, एका सरकारी परिपत्रकानं ठरलं. .३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे. .३१५ नाही. ती ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीच्या काडतुसावरून घेतली. तिच्या काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं असतात, म्हणजे आपली खडकी. थोडक्यात मामांच्या कोनाड्यात जे आहे त्यात डोकं स्कॉटलंडचं, नाव लंडनचं, पोलाद बंगालचं, काडतुसाचं घराणं व्हिएन्नाचं आणि दारू पुण्याची. भाच्याच्या एक्सेलमध्ये एवढा कस्टम माल एकाही ओळीत नव्हता.

पाचव्या दिवशी मामांनी स्वतः फोन केला आणि हे सगळं ऐकवलं. भाचा म्हणाला, “पन मामा, ते तुमी न्हाई निवडलं.”

“मंग काय झालं? तुही मामी तरी कुटं निवडली हुती?” आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला आणि विषय तिथंच थांबला.

एन्फिल्डचा आणखी एक अवतार बोरीच्या रस्त्यावर रोज दिसतो. इंग्लंडातल्या रेडिच गावची सायकल कंपनी त्या सरकारी शस्त्र-कारखान्याला सुटे भाग पुरवायची. त्या मानापायी तिनं ‘रॉयल एन्फिल्ड’ नाव घेतलं, तोफेचं चिन्ह घेतलं आणि आपली गाडी बंदुकीसारखी घडवलेली आहे अशी जाहिरात केली. गाडीचं नावही बुलेट. या एन्फिल्डवर मात्र पोरांनी मनसोक्त बांधकाम केलंय. हँडल बदलतात, टाकी रंगवतात, सायलेन्सर असा बसवतात की गाडीनं बार काढावा. महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात आणि पेपरात फोटो येतो. मामांचं म्हणणं, खरी एन्फिल्ड घरात गप्प आहे आणि तिची पुतणी चौकात बार काढत फिरते. लग्नात हवेत बार काढायची सोय तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं पुरती संपवली. निष्काळजीपणे आनंद साजरा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं माणशी तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली. मामांकडे एकच आहे. त्यांना तेवढ्यापुरतं सज्जन वाटलं.

१ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी मामांनी टीव्हीवर पॅरिस ऑलिंपिक लावलं होतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफलीच्या अंतिम फेरीत होता. कधी गुडघा टेकून, कधी पालथा, कधी उभा. मामांना आधी ती रायफल आहे हेच पटेना. दस्त्याला स्क्रू, गालाला पट्टी, बुडाला आकडा, खाली लोंबणारी वजनं. तालुक्याच्या दवाखान्यात हाड बसवायला आणलेलं यंत्र वाटावं. मग त्यानं हात नेला, एक छोटी मूठ वर उचलली, मागं घेतली, .२२ चं काडतूस ठेवलं, मूठ पुढं सारली. मामा ओरडले, “आरं, ह्यो बी बोल्टच!”

आणि तो बोल्टच होता. एका वेळी एक काडतूस, हातानं ठेवायचं, हातानं बंद करायचं. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढं. स्वप्नीलनं ४५१.४ गुण करून कांस्यपदक घेतलं. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. तेव्हा नोकरी मध्य रेल्वेत, तिकीट तपासनिसाची. मामांनी आयुष्यात टीसीला पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या.

भाच्याचं स्वप्न कायदेशीर मार्गानं बघायचं तर महाराष्ट्रात ते या रस्त्यानं जातं. नेमबाज होऊन, क्लबात नाव घालून, स्पर्धा मारत मारत. तिथं दस्ता अंगाच्या मापाचा करून घेता येतो आणि गोळ्यासुद्धा निवडून घेतात. रायफल शिकंज्यात घट्ट धरून एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या घाण्यांतल्या गोळ्या झाडतात, ज्या घाण्याची भोकं सर्वांत जवळ पडतील त्याच नंबरचे खोके घेतात. हे भाच्यानं सांगितल्यावर मामा चकित वगैरे झाले नाहीत. मे महिन्यात तेही घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि सत्तर उगवले तरच त्या पोत्यातलं बियाणं पेरतात. त्यांनी फक्त विचारलं, “सत्तर टक्के पडले का?”

२०२४ हे साल रायफलीला एकूण जडच गेलं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करा म्हणून नोटीस आली की मामा रायफल जुन्या धोतरात गुंडाळतात, ते धोतर पोत्यात घालतात आणि पोतं स्कूटरवर पायांत आडवं ठेवून निघतात. वाटेत जो भेटेल तो विचारतो, “काय मामा, ऊस का?” परभणीचं मतदान २६ एप्रिलला झालं, निकाल ४ जूनला. मग रायफल परत. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. पुन्हा धोतर, पुन्हा पोतं, पुन्हा ऊस.

नोव्हेंबरात हरभरा नुकता उगवून वर येत होता. ओल्या जमिनीत पेरलेलं बी डुकराला लांबून वास देतं. तशा एका रात्री मामा माचणावर बसले होते, डोक्याला मफलर, शेजारी बॅटरी. डॅलसला तेव्हा सकाळचे अकरा. भाच्याचा फोन आला. पाया ठरला होता. शेवटी रेमिंग्टनच्याच मापाची, पण दुसऱ्या एका छोट्या कारखान्यानं बनवलेली अ‍ॅक्शन त्यानं घेतली. नळीची ऑर्डर दिली होती आणि नळीवाला म्हणाला होता, सात महिने लागतील.

“मंग तवर डुकरं?”

“तवर काय, येतेत आन् जातेत.”

खालच्या बाजूला ओळींत काहीतरी हललं. मामांनी फोन मांडीवर ठेवला आणि धडाधड आवाज सुरू झाला. शिवारातली सगळी कुत्री उठली. बराच वेळ ते चाललं. मग शांत झालं.

“मामा! रायफल परत मिळाली का काय तुमची?”

“न्हाई. ती ठाण्यातच हाय.”

“मंग काय वाजवलं?”

“डालड्याचा डबा,” मामा धापा टाकत म्हणाले. “जुना. कंपनीचा हाय तसाच हाय, कोन्ही हात न्हाई लावला.”